आशागडच्या वळणावरचा ब्रेक

२७ जाने., सोम.

विम्याच्या एजंटचा फोन. सर्व्हेअर दहा तारखेला येणार म्हणे, सकाळी अकराला. गाडी पुसून ठेवा, कागद काढून ठेवा. हे फोनवर इतके गोड बोलत होते की आमच्या मेघाच्या लग्नाची बोलणी तरी एवढ्या गोडीने केली होती का, शंकाच आहे.

चूक माझीच. दिवाळीत मीच बोलून गेले, "आधी गाडीचा पुरा विमा, मगच रस्त्यावर." मला वाटलं, सासऱ्यांच्या वेळची मोटरसायकल, तिचा विमा कोण करतंय. पण ह्यांनी शोधून काढलं. सर्व्हेअर घरी येतो, गाडी तपासतो, किंमत ठरवून कागद देतो आणि मग होतो विमा. आता माझा शब्द माझ्याच गळ्यात.

म्हणजे दहाला सवत पास होणार. (मी गाडीला सवत म्हणते, हे हसतात.) मग रोज चालवणार.

मला भीती वाटते.

२९ जाने., बुध.

कशाची ते लिहूनच ठेवते, नाहीतर माझं मलाच खोटं वाटायला लागेल.

एकदा गणपतीत. हे कपात चहा ओतत होते. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावर आला तरी ओततच. डोळे उघडे. दुसऱ्या हाकेला "हं?" म्हणाले आणि मलाच विचारलं, हा कोणी सांडला.

दुसऱ्यांदा डिसेंबरात, चारोटीला, हायवेवरच्या हॉटेलात. मेघाकडून, वापीहून येत होतो. जेवून हात धुवायला गेले आणि नळ सोडून नुसते उभे. मागे माणसं ताटकळलेली. मी जाऊन नळ बंद केला तेव्हा झोपेतून उठल्यासारखे वळले. जावई तेवढ्यात गाडी काढायला गेले होते, त्यांनी पाहिलं नाही. मी सांगितलंही नाही.

दोन्ही वेळा अर्धा मिनिट असेल. ह्यांना काही आठवत नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की, "विचार करत होतो. निवृत्त माणसाने विचारही करू नये का?"

अर्ध्या मिनिटात हायवेवर काय होतं ते मी तलासरीला शाळेत जाता-येता बसच्या खिडकीतून बघते.

त्यात ही गाडी. हडळीचे पाय उलटे असतात म्हणतात, हिचेही तसेच. गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. हल्लीच्या गाड्यांच्या बरोबर उलट. आणि हे गेली पंधरा वर्षं गावापुरती स्कूटर चालवतायत, जिच्यात पायाला कामच नाही.

१ फेब्रु., शनि.

शाळा सुटल्यावर जानूकडे गेले. जानू माझा विद्यार्थी, चौथीपर्यंत माझ्याच वर्गात. आता तलासरीच्या नाक्यावर त्याचं गॅरेज आहे. सवतीचं काम ह्यांना त्याच्याशिवाय कोणाचं चालत नाही.

त्याला चहाचं सांगितलं, चारोटीचं सांगितलं. म्हटलं, सर्व्हेअर नापास करील असं काहीतरी कर.

जरा वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "बंद ठेवून उपयोग नाय, बाय. साहेबांना मशीन समजतं, ते लगेच चालू करतील. बिरेक ढिला ठेवू. सर्वेवाला पयला बिरेकच बघतो."

"आणि हे घेऊन गेले तर?"

"मागचाच ढिला करतू. पुढचा हाय ना."

हे बरं वाटलं. शिवाय दहापर्यंत गाडी जागची हलणार नाही, तसं ठरलंच आहे.

का, कशाला, काही विचारलं नाही त्याने. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. वर्गात प्रश्न विचारत जा म्हणून एवढी ओरडायचे, ते ह्याच्यावर अगदी वाया गेलं.

६ फेब्रु., गुरु.

रजा टाकली. दुपारी जानू आला. ऑइल बदललं, प्लग साफ केला. हे स्टुलावर बसून सूचना देत होते. मग मी चहाला आत बोलावलं. हे आले, जानू "आलोच" म्हणून मागे राहिला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. मागच्या चाकाशी ब्रेकची सळी येते, तिच्या टोकाला एक नट. बोटांनी फिरवला त्याने. पानासुद्धा लागला नाही. इतकं सोपं असतं ते मला माहीत नव्हतं.

जेवताना पुन्हा वदवून घेतलं. "सोमवारपर्यंत हात लावणार नाही. शपथ घेऊ?" म्हणाले. नको म्हटलं.

७ फेब्रु., शुक्र. दु. ३

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. शेजारच्या रमणभाईंचा शाळेत फोन आला होता. "बेन, गभराशो नहीं. अशोकभाई आशागडच्या वळणावर पडले. बोलतात, चालतात."

बोलतात, चालतात. बोलतात, चालतात. हेडसरांना काय सांगून निघाले आठवत नाही. पहिले पाच-सहा थांबे जागा असून उभीच होते. मग कंडक्टरने हाताला धरून बसवलं.

चारोटी गेली. देवा, नुसतं

सं. ६

बरे आहेत. कोपर सोललंय, खांदा दुखतोय, कपाळावर तारेचा ओरखडा. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. हाड नाही मोडलं.

पेट्रोल भरायला गेले होते. "सर्व्हेअर यायचा आणि टाकी कोरडी, बरं दिसतं का?" दोन मिनिटांचं काम, म्हणून शब्द मोडला. आमच्या दारापासून वळणापर्यंत सरळ रस्ता, ब्रेक लावायचं काही कारणच नाही. वळणावर गवताचा टेम्पो आडवा आला. गाडी थांबली नाही. हे चिकूच्या वाडीच्या कुंपणात, तारेचे दोन खांब आडवे. आशागडच्या लोकांनी उचललं आणि त्याच टेम्पोत घालून गाडीसकट आणून सोडलं.

मी विचारू नये ते विचारलं. "पुढचा ब्रेक होता ना?"

"वरोरच्या माणसाने पुढचा ब्रेक कधी दाबलाय?"

वरोर ह्यांचं गाव, समुद्रकाठी, सगळी वाळू. वाळूत पुढचा ब्रेक दाबला की चाक रुततं आणि माणूस डोक्यावरून पलीकडे. म्हणून सासऱ्यांनी ह्यांना गाडी शिकवताना पुढच्या ब्रेकची दांडी सुतळीने बांधून ठेवली होती. कितीतरी वेळा ऐकलंय हे, सासऱ्यांच्या तोंडून, ह्यांच्या तोंडून, लग्नाच्या बत्तीस वर्षांत. जानू डोंगराकडचा. तिकडे उतार, तिकडे दोन्ही ब्रेक लागतात. त्याला कसं माहीत असणार. मला माहीत होतं. त्याने "पुढचा हाय ना" म्हटलं तेव्हा मला आठवायला हवं होतं.

करायला गेले गणपती, झाला मारुती. टेम्पो जरा जवळ असता तर आज मी इथे बसून लिहीत नसते.

जानूला फोन केला. म्हणाला, "उद्या सकाळी येतू, बाय."

८ फेब्रु., शनि.

सातला आला. हे गोळीने गाढ झोपलेले. नट आवळला, हॅंडल सरळ केलं, कुंपणाची तार अडकली होती ती सोडवली. पाच मिनिटं. ह्यांना सांगायचं, नुसतं हॅंडल सरळ करून गेला. ब्रेक सैल सापडला असता तर ह्यांनी जानूला विचारलं असतं आणि जानूला खोटं बोलता येत नाही. म्हणून आवळायला लावला. काय चाललंय हे माझं, आधी सोड म्हणते, मग आवळ म्हणते.

"साहेबांना सांगू का मी?" जानूने विचारलं.

"मी सांगेन," म्हटलं.

मान हलवून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

उठल्यावर सांगायचं ठरवलं होतं. उठले ते पडवीत बसून राहिले, चिकूच्या झाडांकडे बघत. काय हो म्हटलं तर "काही नाही" म्हणाले. मी भाजी निवडायला घेतली. उद्या.

१० फेब्रु., सोम.

(काल सांगितलं नाही.)

सर्व्हेअर शहा म्हणून आहेत, उंबरगावचे. सत्तरीचे, सुकडे. आले ते आधी गाडीभोवती चप्पल काढून फिरले. मला हसू आलं, इतक्या दिवसांत पहिलं. चेसिसच्या नंबरावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली, एकेक आकडा वर आला. हे मान वाकवून बघत होते. सासऱ्यांच्या नावचं जुनं पुस्तक काढलं, आकडे जुळले. "बापनी गाडी दीकराए साचवी," शहा म्हणाले. बापाची गाडी मुलाने जपली. ह्यांचा चेहरा फुलला.

मग ब्रेक. आधी ढकलून पाहिलं, मग स्वतः बसून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. थांबवली की गाडी खिळल्यासारखी थांबायची.

"ब्रेक तो फर्स्ट क्लास छे."

"मागचा?" ह्यांनी विचारलं.

"मागचाच तर बोलतो. पुढचा तुम्ही वापरतच नाही वाटतं, कोरा आहे."

हे ओट्याच्या कडेला बसले. हळूच, आधी हाताने कड चाचपून. शहांना वाटलं पडल्यामुळे खांदा दुखत असेल. मला कळलं काय झालं ते. त्या क्षणी बोलायचं होतं. शहा समोर होते, जानूचं नाव आलं असतं, माझं आलं असतं. नाही बोलले.

किंमत ह्यांच्या अंदाजाहून कितीतरी जास्त लावली. ह्यांनी कागदाकडे बघितलंही नाही.

११ फेब्रु., मंगळ.

जेवताना आपणहून बोलले.

"मी ब्रेक दाबला होता गं. निदान मला तसं वाटलं. पण पायाखाली काही लागलंच नाही. हवेतच दाबत होतो." मग ताटातला भात कालवत राहिले. "शहा म्हणतो ब्रेक पक्का आहे. म्हणजे माझा पायच तिथे नव्हता. कुठे होता कोण जाणे. तू म्हणायचीस ते खरं असणार. चहाचं. चारोटीचं."

सहा महिने हेच ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला.

"जेवा," म्हटलं मी.

१२ फेब्रु., बुध.

विम्याचा फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न आहे, वाहन चालवणाऱ्यास फिट, चक्कर, दृष्टिदोष वगैरे आहे काय. मला वाटलं होतं ह्या रकान्यावरून आमचं भांडण होणार. ह्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि "होय" लिहिलं. खाली तपशिलाला जागा होती.

"फिट लिहू की चक्कर?" मला विचारत होते. जिल्हा परिषदेत तीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म तपासलेला माणूस.

"आत्ता काही लिहू नका. आधी डॉक्टर," म्हटलं. लगेच ऐकलं. ह्यांनी लगेच ऐकावं ह्याचीच आता भीती वाटते.

मेघाला फोन करून ह्यांनी स्वतःच सांगितलं. तिने वापीच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, सोमवारी साडेदहाची. गाडीची किल्ली ह्यांनी माझ्या हातात दिली. "तुझ्याकडेच असू दे."

मला हवं होतं तसंच सगळं झालंय. किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवली.

१३ फेब्रु., गुरु.

सांगितलं तर किल्ली परत मागतील. म्हणतील, बघ, माझं डोकं ठीक आहे, तूच ब्रेक काढलास. आणि चहा खरा आहे. चारोटी खरी आहे. ती दोन मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत. ती घेऊन हायवेला लागतील.

नाही सांगितलं तर डॉक्टर तीन झटके धरतील. गोळ्या तिन्हींच्या देतील.

आणि बत्तीस वर्षांचा संसार. कळलं तर माझ्याकडे कसे बघतील, ह्याचीही भीती आहेच. तीच सगळ्यात मोठी असेल, काय माहीत.

१४ फेब्रु., शुक्र.

मधल्या सुट्टीत जानूचा फोन. "सांगितलं का, बाय?"

"नाही."

"मला झोप नाय लागत. रविवारी मी येतू घरी."

घंटा झाली. फोन ठेवला.

घरी आले तर टेबलावर ह्यांचा कागद. डॉक्टरांना दाखवायला, सुवाच्य अक्षरात, ऑफिसात लिहायचे तसा. १) चहा, गणपतीत. २) चारोटी, डिसेंबर. ३) आशागड, ७ फेब्रुवारी. पहिल्या दोन्हींपुढे कंसात "पत्नीने सांगितल्यावरून". तिसऱ्यापुढे "स्वतःचा अनुभव".

पेन तिथेच पडलं होतं. तिसरी ओळ खोडावी म्हणून उचललंही.

हे मागच्या अंगणात होते. सवतीकडे पाठ करून खुर्चीवर बसलेले, चप्पल काढून ठेवलेली. डावा पाय जमिनीवर दाबत होते. दाबायचे, सोडायचे, पायाकडे बघायचे. पुन्हा दाबायचे. मी दारात किती वेळ उभी होते माहीत नाही. पेन हातातच होतं. चाहूल लागली तसे थांबले आणि पायाने चप्पल शोधू लागले.

"चहा टाकतेस?" म्हणाले.

चहा टाकला. कपात मीच ओतला. कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "अहो, जरा बसा. आशागडचं बोलायचंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "त्यानंतर चौथं झालं का काही? मला कळलं नाही?"