इनिगोला घ्यायला कोण येणार

१४ जानेवारी

फॉर्म मिळाला! नन्सच्या शाळेचा. पहाटेपासून रांगेत उभी होते, पायांचे तुकडे पडलेत. आमच्या बँकेतल्या निम्म्या जणींची मुलं त्याच शाळेत आहेत. डबा खाताना दुसरा विषयच नसतो त्यांना. आता मीही बोलेन.

घरी येऊन इनिगोला सांगितलं, तर तो तडक स्वयंपाकघरात पळाला. "याया, मी मोठ्या शाळेत जाणार!" रांगेत मी उभी राहिले आणि बातमी पहिली त्याच्या यायाला, सांभाळणाऱ्या ल्यूडीला.

१९ जानेवारी

मुलाखत इंग्रजीत असते, म्हणून रोज तयारी करून घेतेय. मी इंग्रजीत विचारते, पोरगा उत्तर देतो घरच्या बिसाया बोलीत — तेही आमच्या सेबू शहराच्या नाही, ल्यूडीच्या सिकिहोर बेटाच्या हेलात! पाच वर्षं दिवसभर तिच्याजवळ, दुसरं काय होणार?

नवऱ्याचा, रोडेलचा, बोटीवरच्या नोकरीवरून फोन. रडगाणं ऐकून हसला. म्हणे, शिकेल गं, ल्यूडी आहे ना. ल्यूडी आहे ना! कान किटले हे ऐकून.

सासूबाई म्हणाल्या, "सिकिहोरच्या बायकांकडे मंत्र असतात म्हणतात. पोराच्या उशीखाली बघ एकदा." त्या हसल्या, मीही हसले. मग दार लोटून घेऊन खरंच उशी उचलून पाहिली. एक मोजा निघाला. लाज वाटली.

ल्यूडीची स्वतःची मुलगी आहे की तिकडे गावी! क्रिसेल, सहा वर्षांची, आजीजवळ असते. मग माझा कशाला हवाय हिला?

२५ जानेवारी

शोभा झाली. सिस्टर बेनिल्दांनी नाव विचारलं तर इनिगो दाराशी जाऊन उकिडवा बसला. मी जवळ घ्यायला गेले तर अंग चोरलं. एकच घोष — याया, याया.

सिस्टर आवाज न चढवता म्हणाल्या, "मिसेस तुमुलाक, घरी दिवसभर याच्याजवळ कोण असतं?"

कामाला बाई आहे म्हटलं.

"मग आठ फेब्रुवारीला तिलाच घेऊन या. आणखी एकदा बघू, पण त्यानंतर नाही."

जिना मी मान खाली घालून उतरले. तो मात्र उड्या मारत उतरला.

२ फेब्रुवारी

ल्यूडीला सात तारखेपासून तीन दिवस गावी जायचंय म्हणे. आठला शाळेत जायचंय हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे! कारण सांगत होती, पण मी फोनवर होते. नाही म्हटलं. "बरं, मॅम," म्हणाली आणि भांड्यांकडे वळली. गेली असती तर बरं झालं असतं असंही मनात आलं. मग शाळेचं काय, हेही आलं.

८ फेब्रुवारी

मी बाहेर बाकावर, ती आत. पांढरा ब्लाउज, केस चापूनचोपून. काचेतून दिसत होतं, ऐकूही येत होतं. तो तिच्या मांडीवर बसून बोलत होता — इंग्रजीत! रंग, आकडे, सगळं. मग गाणं म्हटलं. सिस्टर हसल्या, तोही हसला. त्याचं असं हसणं मी कधी ऐकलंच नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "आत तुमचाच ना? आणि ती कोण, मावशी?" मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

ल्यूडी डोळे पुसत बाहेर आली. मनात म्हटलं, आता हिचं कौतुकही करायचं का? नाही केलं. येताना भाड्याच्या जीपनीत तो तिच्या मांडीवर झोपला आणि ती अख्खा रस्ता बाहेर बघत बसली.

जळतेय मी. इथं तरी खरं लिहावं. माझ्याच घरात जेवणाऱ्या बाईवर जळतेय.

२० फेब्रुवारी

मिळाली जागा! सासूबाईंनी शेवया केल्या, बँकेत सगळ्यांनी हात मिळवले. मी केक आणला. इनिगोनं पहिला तुकडा ल्यूडीच्या तोंडात घातला. मी आ करून बसले होते.

२८ मे

मुलाला न्यायला येणाऱ्यांची कार्डं करायची आहेत, फोटोवाली. कार्ड नसेल तर गेटावरचा रखवालदार मूल देत नाही, मग कुणी का असेना. एका मुलाला दोनच कार्डं. ल्यूडीनं आपणहून बाजारात जाऊन फोटो काढून आणला आणि टेबलावर ठेवला.

मी माझा आणि सासूबाईंचा दिला. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या फाटकापर्यंतही जात नाहीत. ल्यूडीचा फोटो ड्रॉवरमध्ये टाकला.

तिनं एकदाच विचारलं, "माझं नंतर येईल का, मॅम?" बघू म्हटलं.

१० जून

पहिला दिवस. रजा घेतली. सोडलं मी, आणलं मी! येताना माझं बोट धरून चालत होता. आतापर्यंतचं सगळं विसरले.

१९ जून

रजा संपली. साहेबांनी ऐन वेळी मीटिंग लावली. शाळा तीनला सुटते, मी पोचले पाचला. घरी फोन करून ल्यूडीला शाळेत जा म्हणून सांगितलं होतं. कार्डाचं मीच विसरले!

गेटाच्या आत इनिगो रखवालदाराच्या स्टुलावर, बाहेर ही फरशीवर बसलेली. गजांतून आंब्याच्या फोडी भरवत होती. त्याच्या गालांवर रडल्याचे ओघळ.

रखवालदार म्हणाला, "तीनच्या आधीपासून आलीये ही, मॅम. दोघांची ओळख दिसतेय, पण कार्डाशिवाय मी सोडू कसा?"

घरी येऊन ल्यूडीनं माझ्यासाठी सूप गरम केलं.

२० जून

सासूबाईंचं कार्ड रद्द करून नवा फॉर्म आणला. ड्रॉवरमधून फोटो काढला, ल्यूडीला भरायला बसवलं. बोलायचं म्हणून विचारलं, क्रिसेल जाते की नाही शाळेत?

जाते म्हणाली. गावातल्या नन्सच्या, फीवाल्या. फेब्रुवारीत मुलाखत झाली, मुलीबरोबर आईला बोलावलं होतं. आठ तारखेला.

"मग?"

"माझी आई गेली मुलाखतीला, मॅम. क्रिसेल तिलाच आई म्हणते. फॉर्मवरही 'आई' असंच लिहून आली."

मग पेन थांबवून तिनं विचारलं, "इथं 'मुलाशी नातं' म्हणून रकाना आहे. काय लिहू?"

फॉर्म अजून टेबलावरच आहे.