अंगातली कसर

कुडाळ,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय विमलामावशी,

नमस्कार. एसटीने पाठवलेली कोकमं पोचली. तुझा गुडघा कसा आहे? फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकून तोंडातून अक्षर फुटलं नसतं.

तुमच्या वाडीतल्या दाजीकाकांच्या बाराव्याला तू भर पंक्तीत म्हणालीस, "आमच्या अनुजान गोळये धाडल्यान, म्हणान वाडी वाचली!" मी मान खाली घालून भात वाढत राहिले.

मावशी, माझं काम तुला कधी धड सांगितलं नाही. रुग्णवाहिकेवरचे लोक रोग्याची तक्रार चिठ्ठीवर लिहितात, ती मी दवाखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरात भरते. एका वाडीतून आठवड्यात तीन 'ताप' दिसले, की लेप्टोच्या, म्हणजे शेतातल्या चिखलपाण्यातून येणाऱ्या तापाच्या, गोळ्या घेऊन पथक तिथे जातं. पण आपल्यात ताप कोण म्हणतं गो? सगळे म्हणतात, "अंगात कसर आसा."

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हा शब्द मी मोठ्याने वाचला. साहेब म्हणाले, "कसर? हिशेबातली का?" सगळं ऑफिस हसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून हा शब्द मला ठाऊकच नाही, असं सोंग घेतलं. चिठ्ठीत कसर आली, की 'अशक्तपणा' भरायचा आणि मोकळं व्हायचं.

जुलैत, लावणीच्या दिवसांत, तुमच्या वाडीतून एकाच आठवड्यात यशोदाकाकू आली, मग बाबू, मग सृष्टीचे सासरे. तिघांच्याही चिठ्ठीवर कसर होती. मी तीनदा अशक्तपणा भरला. चौथी चिठ्ठी दाजीकाकांची. तिच्यावर ताप, कावीळ, शुद्ध नाही, असं सगळं ऑफिसच्या मराठीत होतं. तेव्हा धावत डॉक्टरांकडे गेले, जुन्या चिठ्ठ्या दाखवल्या. गोळ्या आल्या त्या अशा. दहा दिवस आधी आल्या असत्या गो. तेव्हा काका शेतात ठणठणीत उभे होते.

आता कॉम्प्युटरात 'कसर' ही तापातच मोजायची, असं करून घेतलंय. कोणी हसलं नाही.

लहानपणी माझ्या कपाळाला हात लावून तूच म्हणायचीस, "कसर आसा गो चेडवा, निज." तुझ्याच तोंडचा शब्द ओळखायची मला लाज वाटली. आता माझीच मला लाज वाटते.

चतुर्थीला बोलावलंयस. हे वाचूनही "ये गो" म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस, तरी तुझं काही चुकलं नाही. फक्त वाडीत माझं कौतुक सांगू नकोस, मावशी. माका सोसणा नाय.

तुझाच म्हणूक लाजणारा चेडू,
अनुजा