आजींचा पिवळा पंचा

३ जून २००४
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी नववी नापास, पण केअरटेकर ही पोस्ट मोठीच. गंगाखेडला आईला 'मॅनेजर' म्हणून सांगितलंय. ड्यूटी: सहकारनगर, दुसरा मजला, प्रेमला आजी, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या. मुलगा आनंदसाहेब अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये.
संकल्प: पाचला उठणे.

४ जून
आठला उठलो. प्रवासाचा शीण. आजींनी चहा करून उठवलं. म्हणाल्या, केअरटेकरसाहेब, साखर किती घेता आपण? एका दिवसात जीव लागला माझ्यावर.

७ जून
धोका! समोरच्या बिल्डिंगमधल्या यमुनाबाई. आजींची जुनी मैत्रीण, त्याही एकट्या. रोज चारला येतात, पत्ते कुटतात, फिदीफिदी हसतात. आज म्हणे, प्रेमे, दोन म्हाताऱ्यांना दोन कुकर कशाला? मी इकडेच येते.
त्या आल्या की सोबतीला मी कशाला? आईला काय तोंड दाखवू?
संकल्प: माझ्याशिवाय आजींचं पान हलता कामा नये.

९ जून
आजींना हात धरून जिना उतरवला. पाय मुरगळला. माझा. आजींनी हळदीचा लेप लावला. यमुनाबाई म्हणाल्या, प्रेमे, नाजूक आहे गं तुझा केअरटेकर, जपून वापर. मी हसलो नाही.

१३ जून, रविवार
आनंदसाहेबांचा फोन. आजी सांगत होत्या, पोरगा गुणी आहे, आता दोन पोळ्या जास्त खातो. रिपोर्ट चांगला गेला.

१५ जून
शिस्त सुरू. साडेसहाला उठलो! (लाइट गेले, पंखा बंद.) आजी आंघोळीला. गॅलरीच्या कठड्यावर त्यांचा पिवळा पंचा. रोज असतो, कोरडा ठणठणीत. काढून साबणात भिजवला. आजींना पूजेत त्रास नको म्हणून फोनचा रिसीव्हरही काढून ठेवला.
सव्वासातला दारावर धाडधाड. यमुनाबाई, अनवाणी, मागे पहार घेतलेला वॉचमन. आजींना उभं बघून त्या मटकन खालीच बसल्या. रडल्या. मग आजीही.
दोघींचं ठरलेलं म्हणे. सकाळी उठलं की कठड्यावर पंचा टाकायचा. म्हणजे, मी आहे. सातपर्यंत दिसला नाही तर दुसरीने धावायचं. अकरा वर्षांत आज पहिल्यांदा दिसला नाही.
माझ्या हातात पंचा. फेस गळत होता.

१६ जून
यमुनाबाई म्हणाल्या, आता गुडघे धावत नाहीत, रविवारी सामान आणते.
माझा काय दोष? पंचा मळला होता. थोडा.

२० जून, रविवार
यमुनाबाईंचं सामान मीच वाहिलं. अकरा खेपा. मग माझी बॅग भरली. स्वारगेटची बस विचारली.
आजी म्हणाल्या, चाललास कुठे? यमुनेच्या घरात राहा. संध्याकाळी रात्रशाळा, फॉर्म आणलाय. जेवायला इकडे.
म्हटलं, पण आता मला काम काय?
यमुनाबाई म्हणाल्या, तुला कुठलं काम? काम आम्हाला हवंय. दिवसभर पत्ते किती खेळणार?
आणि हातात एक हिरवा पंचा दिला.
संकल्प: पाचला उठणे.

२१ जून
झोप लागली होती हो. सात वाजून पाच मिनिटांनी दोघी दारात. वॉचमनने पहार आणलीच होती.