किल्लेदाराची कायम नेमणूक

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून निवड प्रक्रिया सुरू. भीडभाड ठेवायची नाही. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून इथे फक्त खरं लिहायचं.

वस्तुस्थिती अशी. आमच्या खेळाची पानं एकशे ऐंशी. सगळी घरी केलेली, खालापूरला ऑफिससमोरच्या दुकानात लॅमिनेट केलेली. पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या डब्यात बरोब्बर मावतात. एक जास्त झालं की झाकण उठतं. (हल्ली तसंही थोडं उठलेलं असतं, गणपतीपासून. दमट हवा.) म्हणून नवं पान आत घ्यायचं तर जुनं काढावंच लागतं. यंदा 'ढगफुटी' निवृत्त होतंय, त्याचे कोपरे गेले.

जागा एक, उमेदवार तीन. रूपेशचं 'टोलनाका', पुढच्याने एक पाळी थांबायचं. शुक्राचं 'रानडुक्कर', समोरच्याचं एक पान खातं. आणि माझं 'किल्लेदार'. ताकद नऊ. तीन पाळ्या झोपतो, मग उठून सगळ्यांना झोडपतो. चित्र मीच काढलंय. मिशा जमल्यात.

चार रविवार तिघेही परिविक्षाधीन. दहा पानांचा गठ्ठा, हवं ते एक ठेवायचं, बाकीचा डावीकडच्याला द्यायचा. जे पान लोक लवकर उचलतील ते कायम. आस्थापना शाखेत एकोणीस वर्षं मी माणसांना कायम करतोय (म्हणजे फाइल पुढे पाठवतोय). पानाचं काय एवढं.

संकल्प: खेळताना कोणाला शिकवायचं नाही. टाकलेलं पान परत घ्यायचं नाही. दीड तासात आटपायचं.

संध्याकाळी ६.४०
चार तास लागले. मला नोंदी ठेवायच्या होत्या. दोनदा पान परत घेतलं, पण ते प्रशासकीय कारणास्तव.

रानडुक्कर पहिलंच उचललं गेलं. किल्लेदार दहावं, म्हणजे शेवटी एकच पान उरलं ते. शेजारचा रूपेश वैतागून म्हणाला, टेंपो धुवायचा राहिला, पुढच्या टायमाला वही घरी ठेव. वही माझ्याच घरी आहे, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

गुण नेहमीप्रमाणे सुरेखाने लिहिले. बायको असली तरी हिशोबाला निःपक्षपाती. पहिला शुक्रा, दुसरी ती, तिसरा रूपेश. माझं नाव घेतलं नाही. परीक्षकाला क्रमांक देत नसतात. तिला न सांगता कळलं, कौतुक वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार
किल्लेदार पुन्हा दहावं. लोक दबकून आहेत.

शुक्राला विचारलं, का घेत नाहीस. शुक्रा वरच्या वाडीतला, रोपवाटिकेत कामाला आहे, आठवडाभर कलमं बांधून रविवारी आमच्याकडे येतो. म्हणाला, भाऊ, तुमचा किल्लेदार उठंपर्यंत माझं डुकर जेवून झोपतंय. हसलो. नोंद केली: 'प्रतिस्पर्ध्यांमध्ये अस्वस्थता.'

१६ नोव्हेंबर, रविवार
किल्लेदाराची झोप तीनवरून दोन पाळ्या केली. ऐन डावात केली म्हणून रूपेश भडकला, असं मधेच काय रं बदलतोस. हा बदल नव्हे, शुद्धिपत्रक आहे, असं समजावलं. सुरेखा म्हणाली, करू द्या त्यांना, कुठं फरक पडतोय. दोघेही लगेच शांत झाले. माझ्या शब्दाला घरात वजन आहे.

परिणाम दिसला. किल्लेदार नववं. सुधारणा.

२३ नोव्हेंबर, रविवार
परीक्षकाने एकदा स्वतः चाचणी घेणं आवश्यक असतं. म्हणून आज किल्लेदार मीच उचललं, पहिलं. दोन पाळ्या झोपवलं. उठणार, एवढ्यात शुक्राच्या डुकराने खाल्लं. परत मागितलं, तर शुक्राने लगेच दिलं. पुढच्या पाळीला पुन्हा खाल्लं.

निकाल: शुक्रा, रूपेश, सुरेखा. मी अर्थातच क्रमांकाच्या वर.

२६ नोव्हेंबर, बुधवार. जेवणाची सुट्टी
गोपनीय अहवाल तयार. सरासरी क्रम: रानडुक्कर सव्वा, टोलनाका साडेतीन, किल्लेदार साडेसात. आकडे दिशाभूल करणारे आहेत. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये लोक पटकन शिरतात का? बाहेरच घुटमळतात. किल्लेदाराचंही तेच.

निर्णय: किल्लेदार कायम. रविवारी वाचून दाखवणार. भाषण दोन पानी.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५
वाचून दाखवलं. रूपेश म्हणाला, डुकराला ठेव रं, त्या मिशीवाल्याला कोण घेतंय. समितीचा निर्णय अंतिम आहे, असं सांगितलं. समितीत कोण हाय, त्याने विचारलं. मी, म्हटलं.

ढगफुटी काढलं, किल्लेदार ठेवलं. झाकण लागेना. दाबलं, तरी लागेना. सगळी पानं ओतून मोजली. एकशे ऐंशी भरली. मग डब्याच्या तळाचा कागद उचलला.

खाली एक पान होतं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं, लॅमिनेट न केलेलं. हिरवं लिंबू काढलेलं, बहुतेक रूपेशच्या हातचं. अक्षर सुरेखाचं. 'कच्चं लिंबू. हे ज्याचं, त्याला खेळात घ्यायचं. गुण धरायचे नाहीत. पान परत मागितलं तर द्यायचं. रुसला तरी पुढच्या रविवारी बोलवायचं.'

कोणाचं आहे, विचारलं. शुक्रा आढ्याकडे बघायला लागला. रूपेशला टेंपो आठवला. सुरेखा म्हणाली, गणपतीत हरलात तेव्हा तीन दिवस बोलला नाय, आरतीलापण उभे राहिला नाय. मग आमी ठरवलं. लिहून कशाला ठेवलंत, म्हटलं, तर म्हणाली, तुमीच सांगता ना, नियम लेखी पायजे.

गुणांची वही मागितली. माझा रकाना होता. गणपतीपासून कोरा.

संध्याकाळी ७.१५
वाईट वाटलं. इथे खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. फार वाईट वाटलं. शुक्राला हरवलं होतं एकदा ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतर. निदान मला तसं वाटलं होतं.

जेवणार नव्हतो. मग आठवलं, न जेवणं म्हणजे त्या पानावर सही करणं. जेवलो. भाकरी दोन.

१ डिसेंबर, सोमवार. दुपारी १.३०
ऑफिससमोरच्या दुकानात गेलो. एक पान लॅमिनेट करून घेतलं. दुकानदाराने लिंबू बघून विचारलं, हे काय. आस्थापनेचं आहे, म्हटलं.

किल्लेदार पाकिटात ठेवलंय. मिशा खरंच जमल्यात.

संध्याकाळी ६.२०
डबा भरला. झाकण लागलं, गणपतीनंतर पहिल्यांदा पूर्ण लागलं. जागा एकच होती, आणि ती कधीच भरलेली होती. रूपेशने कुंपणावरून हाक मारून विचारलं, रविवारी हायस ना रं. आहे, म्हटलं.

अहवाल दुरुस्त केला. कच्चं लिंबू: गणपतीपासून अखंड सेवा. एकही रविवार गैरहजर नाही. कायम.