उलटा कूड

करातेन, केर्केना बेट
१४ ऑक्टोबर १९८७

चि. फेथीस,
ताईचे आशीर्वाद आणि घरच्या सगळ्यांचे सलाम. वि. वि.

तुझ्या सिनेमाची कॅसेट पोचली. स्फाक्सच्या बोटीवर कोणाच्या तरी हरिसाच्या तिखट चटणीच्या डब्याखाली दबून आली, पण चालली. मास्तरांनी शाळेत शुक्रवारी दुपारी व्हिडिओ लावला, खिडक्यांना घोंगड्या टांगल्या आणि अख्खं गाव आत कोंबलं. आई ईदची ओढणी घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. फ्रान्सच्या पुरस्काराचा कागद तिने पदराआड धरला होता, जो विचारेल त्याला दाखवायला आणि न विचारेल त्यालाही.

चांगला आहे रे सिनेमा. मुलगे परदेशी गेलेल्या त्या म्हाताऱ्याचं बघून बायका मुसमुसत होत्या. आणि मग ते शेवटचं दृश्य आलं. म्हातारा समुद्रात मासे धरायच्या आपल्या कुडापाशी एकटा उभा, समोर सूर्य मावळतोय, आणि मागच्या बाकावरून जिलानीकाका फिस्सकन हसले. मग सगळी शाळा हसली. ज्या बायका रडत होत्या त्यासुद्धा डोळे पुसत हसल्या.

अरे बाबा, कूड उलटा लावलास! मार्सेयला सोळा वर्षं झाली म्हणून आठवण करून देते: ओहोटी लागली की मासा किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे निघतो. झावळ्यांच्या कुडाचे दोन्ही हात किनाऱ्याकडे उघडे हवेत, म्हणजे तो त्यांच्यामधून थेट टोकाच्या कोंडीत जातो. तुझे हात समुद्राकडे उघडे. जिलानीकाका मोठ्याने म्हणाले की असल्या कुडात मासा फक्त पत्ता विचारायला येईल.

बाबा सिनेमा संपायच्या आधीच उठून गेले. तेव्हापासून घरात तुझं नाव काढत नाहीत. कॉफीच्या दुकानात लोक त्यांना विचारतात, आमचा कूड कुठल्या बाजूने लावू, जरा लेकाला विचारून सांगा. बाबा कप अर्धा टाकून घरी येतात. तू म्हणशील ताई तिखट लिहिते. पण मला वाईट वाटलं ते मी कोणाला सांगू?

तब्येतीला जप. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण पत्र पाठव.
तुझी,
ताई दलेंदा


मार्सेय
६ नोव्हेंबर १९८७

ती. ताईस,
फेथीचा सलाम. आईच्या हातांना माझे ओठ, आणि बाबांच्या कपाळालाही, टेकू देत असतील तर.

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि तीन थांबे पुढे गेलो. पॅरिसच्या एका समीक्षकाने त्याच दृश्यावर अर्धं पान लिहिलंय. समुद्राकडे पसरलेले कुडाचे दोन हात म्हणजे म्हणे देशोधडीला लागलेल्यांची हाक. तिथे लोक रुमाल काढून रडले, आणि गावात जिलानीकाका! आता मी तोंड दाखवायचं कुठे? इथे मी बेटावरचा. पत्रकार मला विचारतात की तुमच्याकडे वीज आहे का. तिकडे आलो की मी फ्रान्सवाला. गेल्या खेपेला सख्ख्या मावशीने विचारलं की तुला चहात साखर चालते ना.

तो कूड आपल्या समुद्रातला नव्हताच. इथल्या एका खाऱ्या तळ्यात सुतारांनी बोरूचा बांधला होता. बेटावर यायला पैसा नव्हता. आता मात्र आहे, आणि म्हणून मुद्द्यावर येतो. पुढचा सिनेमा मला घरी करायचाय, आपल्या पाण्यात. आणि म्हाताऱ्याचं काम बाबांनी करायचं. नटाबिटाने नाही.

अडचण एकच. आमची निर्माती मादाम सोलांज म्हणते की शेवटी तेच चित्र हवं: कुडाच्या दोन हातांमध्ये मावळता सूर्य. त्याच चित्रावर पुरस्कार आला, त्याच्याच भरवशावर ही बाई पैसा घालते आहे. मार्चअखेर आपल्याकडे जमलं तर ठीक. नाहीतर पुन्हा तेच तळं आणि तोच बोरू. मग मी जन्मभर उलट्या कुडाचा दिग्दर्शक म्हणून मिरवणार, आणि बाबा जन्मभर कॉफी अर्धी टाकणार.

तू त्यांच्याशी बोल. तुझं ऐकतात. माझं ऐकायला मी तिथे नसतो.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
फेथी


करातेन
१२ डिसेंबर १९८७

चि. फेथीस,
आशीर्वाद. आई विचारते, जेवतोस का नुसता कॉफीवर असतोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाबांना विचारलं. जाळं शिवत होते, मान वर केली नाही. म्हणाले, कूड लावायचं आपल्या घराच्या वाट्याचं पाणी पश्चिमेला. हात किनाऱ्याकडे उघडे ठेवले तर सूर्य कोंडीच्या मागे पडतो, हातांमध्ये येत नाही. त्याला सांग, सूर्य फिरव. आणि पुन्हा सुई चालवायला लागले. थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटले, नऊ वर्षांचा असताना झावळ्या धरायला यायचा, सगळं विसरला. तुला खरं सांगते, त्यांना गावाच्या हसण्याचं एवढं नाही लागलेलं. तू विसरलास हेच त्यांना लागलंय.

पण एक गंमत आहे. महिनाभर बाबा रोज संध्याकाळी नाव घेऊन एकटेच जातात, जाळ्याशिवाय. येतात ते कोरडे, मासळीचा वासही नाही. आईने आधी दुर्लक्ष केलं, मग शेजारणीला विचारलं, आणि आता तिची खात्री पटली आहे की पलीकडच्या गावात कोणी विधवा आहे. पासष्टाव्या वर्षी! मी हसले तर माझ्यावरच चिडली.

सोबत सुकवलेला ऑक्टोपस पाठवते. चांगला ठोकलाय, पण भिजव मात्र नीट.
आठवण ठेव, नाहीतर मीच बोटीवर चढून येईन.
ताई


मार्सेय
१९ जानेवारी १९८८

ती. ताईस,
सलाम. ऑक्टोपस पोचला हे मला कळायच्या आधी जिन्याला कळलं. खालच्या मजल्यावरच्या बाईने गॅसवाल्याला बोलावलं. मग मी तिला वाटीभर रस्सा नेऊन दिला, आता जिन्यात भेटली की पुढचा कधी, म्हणून विचारते.

मादाम सोलांजने घाई लावली आहे. तिचं म्हणणं, एका दिवसापुरता कूड उलटा लावा, चित्रीकरण करा, सुलटा करा. जगात कोणाला कळणार आहे, करातेनची चाळीस माणसं सोडून? मी तिला हो म्हणालो नाही, पण नाही म्हणायला तोंडही उघडलं नाही. बाबा एका दिवसापुरतं ऐकतील का गं?

आणि एक सांगतो, आजवर कोणाला सांगितलं नाही. मी विसरलो नव्हतो, ताई. सुतारांनी कूड सुलटाच लावला होता, मीच नीट दाखवून दिला होता. मग कॅमेऱ्यातून पाहिलं तर सूर्य हातांमध्ये येईना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, फिरवा. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चूक नव्हती ती, मी जाणूनबुजून केलं. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मला अजून तेच आठवतं. हे बाबांना सांगू नकोस. विसरलो असं वाटतंय तेच बरं.

तुझा लोभ हीच माझी इथली कमाई.
फेथी


करातेन
२ मार्च १९८८

चि. फेथीस,
आशीर्वाद, आणि आधी माफी.

तुला कधी सांगितलं नाही, पण तुझं पत्र आलं की मी ते अंगणात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचते. मी नेहमीसारखी सुरू झाले. जिना, गॅसवाला, आई पोट धरून हसतेय. आणि त्याच ओघात पुढचंही वाचून बसले. बाबांना सांगू नकोस या ओळीवर पोचले तेव्हा बाबा समोर वेताच्या मोड्यावर बसलेले. मला वाटलं, आता संपलं सगळं.

बाबा मोडा ओढून जवळ आले. मग त्यांनी मला तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. सुतारांना मीच नीट दाखवून दिला होता, इथे मला थांबवलं आणि म्हणाले, म्हणजे त्याला येतं. फेथी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. विसरलेल्याला काय शिकवणार, म्हणाले. फिरवलेलं परत फिरवता येतं. आईला सांगितलं, चहा टाक. मी आत जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आईला आणि मला नावेत घातलं. विधवा निघाली ती बेटाच्या पूर्वेकडच्या पाण्यात! तिथे जमीन इतकी सखल आहे की चार खजूर चुकवले तर सूर्य थेट पाण्यात उतरल्यासारखा दिसतो. कूड तिथे लावला की हात किनाऱ्याकडे उघडे, मासाही खूश, आणि सूर्य बरोबर दोन हातांमध्ये. फक्त बघायचं ते किनाऱ्यावरून नाही, बाहेरून, नावेतून. नोव्हेंबरपासून म्हातारा हेच शोधत हिंडत होता. तोंडाने तुला सूर्य फिरवायला सांगत होता आणि स्वतः बेटाला फेऱ्या घालत होता.

आता खरी गोम ऐक. ते पाणी कोणाचं? जिलानीकाकांचं, आजोबा-पणजोबांपासून. बाबा शुक्रवारच्या नमाजानंतर सगळ्यांच्या देखत त्यांच्यापाशी गेले. ज्याने मुलाचं गावभर हसं केलं, त्याच्याच दारी. बाबा एवढंच म्हणाले की मुलाला एक कूड सुलटा लावायचाय, तुझं पाणी दे. जिलानीकाकांनी पायातली चप्पल नीट केली, घसा खाकरला आणि हो म्हणाले. अट एकच: सिनेमात तेही दिसले पाहिजेत, आणि त्यांना हसायला लावायचं नाही. गावाने खूप पाहिलंय म्हणे त्यांचं हसणं.

तर तुझ्या मादामला कळव. ओहोटी संध्याकाळी आणि सूर्य हातांमध्ये, असे दिवस बाबांनी मोजून काढले आहेत: अठरा ते पंचवीस मार्च. त्यानंतर सूर्य खजुरांमागे सरकतो. एक हात रोवून झालाय, तेवढ्यावरच काल सहा मासे आले. दुसऱ्या हाताच्या झावळ्या कापून पाण्यात ठेवल्या आहेत. माझा नवरा मदतीला गेला होता, त्याला बाबांनी परत पाठवलं.

मग मला लिहायला बसवलं, आणि हे शब्द त्यांचे आहेत, मी एकही बदललेला नाही: माशांचं मी बघितलं आहे, सूर्याचं तू बघ. पण दोन दिवस आधी ये. झावळ्या धरायला कोणी नाही.

बाकी भेटीत.
तुझी,
ताई