मोगऱ्याची छाटणी

मुलुंड, शुक्रवार, २ मार्च १९८४

ती फांदी मी का लपवली, संध्याकाळपासून हेच डोक्यात आहे.

दिवाळीत ह्यांची उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही अडखळायला लागलं. तेव्हापासून मागच्या दारच्या बागेकडे कोणी पाहिलंच नव्हतं. आज पाणी घालायला गेले तर मोगऱ्याला कोवळी पालवी, आणि एका फांदीवर चार-पाच कळ्या. वाटलं, ह्यांना दाखवाव्यात. बरं वाटेल. ह्यांची खुर्ची ओढत दारालगतच्या मोगऱ्यापर्यंत नेली. पण ह्यांची नजर वाळक्या काटक्यांवर गेली.

"कात्री," म्हणाले.

"डाव्या हाताने जमेल का?" विचारायला नको होतं.

"आण."

आणली. वाळकी फांदी धरून दिली. ह्यांच्या हातातली कात्री सरकली, आणि शेजारची कळ्यांचीच फांदी तुटून खाली पडली. मी ती चटकन उचलून पदराखाली घेतली. का? "होतं असं कधी कधी," एवढं मी म्हणाले असते तर? पण ह्यांनी स्वतः लावलेला मोगरा, तोही असा... धीर झाला नाही.

हे कात्री मांडीवर ठेवून अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिले.

जेवण भरवताना मीच विषय काढला. "आठवड्याभरात कळ्या धरतील बघा."

"धरल्या होत्या," ते म्हणाले. अगदी स्पष्ट. मग तोंड भिंतीकडे वळवलं. भाताचा घास माझ्या हातातच राहिला.