आईच्या खोलीसाठी मासे

बाबा,

आईसाठी जी खोली तयार केली आहे, तिच्यात भिंतीला लावून दोन फुटांची काचेची टाकी ठेवली आहे. वाळू आहे, पाणी आहे, झाडंही रुजली. मासे मात्र अजून आणलेले नाहीत. पेडण्याच्या दुकानातून मी इतक्या वेळा रिकाम्या हाताने परत आले, की दुकानदारीण आता मला बघितलं की आधी खुर्ची पुढे करते. आज रजा टाकून घरी बसले आहे. दुपारी आईचा फोन यायचा आहे, आणि तोवर हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून तुम्हाला लिहिते. बोलताना मी तुम्हाला तू म्हणायचे, कागदावर मात्र हात आपोआप तुम्ही लिहितो. घरात आपण एक बोललो आणि शाळेत दुसरं लिहायला शिकलो, त्याचं हे. हसू नका.

आई आता थकली. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण काकूच्या लक्षात येईपर्यंत तशीच ओल्यात पडून होती. डिचोलीच्या घरात आता दोघीच आहेत. आपल्या बाजूला आई, मधल्या भिंतीपलीकडे काकू. काका तुमच्यामागून काही वर्षांनी गेले, त्यांची मुलं वास्कोला. दोघींचं दिवसभर भिंतीवरून चालू असतं, कोंबडी कुणाच्या परसात आली, विहिरीवरची बालदी कुणी उपडी घातली नाही. मी आईला म्हटलं, पुरे झालं आता, माझ्याकडे पेडण्याला ये, कायमची. ती म्हणाली, "शिरगांवची जत्रा जावं दी, मागीर सांगतां." जत्रा होऊन गेली, आमच्याकडून व्रत धरून धोंड म्हणून गेलेले शेजारीही परतले. काल शेवटी तिने निरोप धाडला की उद्या दुपारी सांगते. ती हो म्हणेल की नाही, म्हणाली तर इथे रुजेल की नाही, एवढंच माझ्या डोक्यात महिनाभर फिरतं आहे. नवरा म्हणतो, तू आधी एका जागी बस.

इथे अडचण कुणाचीच नाही, तीच अडचण. माझ्या सासूबाई चांगल्या आहेत. आई येणार म्हटल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "येऊ दे की. घर काय तुमचं आमचं वेगळं आहे?" आणि आई आली की कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसते, चहाचा कप स्वतः उचलून मोरीत नेते, आणि "बरें", "जाता", "तुमी म्हणटात तशें" यापलीकडे काही बोलत नाही. गणपतीत दोन दिवस राहिली होती. दोघी एकमेकींना इतकं जपत होत्या की स्वयंपाकघरात मला श्वास घेता येईना. मीठ कमी पडलं होतं कालवणात. दोघींनी मुकाट खाल्लं. कोण सांगणार आणि कुणाला? टाकी आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "छान आहे हो. मी येईन कधी बघायला, त्यांना विचारून." स्वतःच्या घरात विचारून! मी तिथून उठून परसात जाऊन उभी राहिले.

थांबा, पाणी बघून येते.

बघून आले. नितळ आहे. टाकीची कल्पना का सुचली ते तुम्हाला सांगायला नको. आईच्या खोलीत तिचं म्हणून काहीतरी असावं, सकाळी उठून तिने कुणाचं तरी बघावं, असं वाटलं. तुम्ही गेल्यावर तुमची ती लोखंडी चौकटीची टाकी गंजून गळेपर्यंत तिनेच सांभाळली होती, तोंडाने शिव्या देत देत. म्हणून वाटलं जमेल. पण मासे निवडायला गेले आणि माझी पंचाईत सुरू झाली. टायगर बार्ब दिसायला देखणे, पण जागा कमी पडली की दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात. फायटरला लांब शेपटीचा गप्पी दिसला की तो त्याला आपला वैरी समजतो. गोल्डफिश झाडं चरतो आणि घाण करतो. एंजल लहान असेपर्यंत गरीब, मोठा झाला की बोटभर मासे गिळून मोकळा. काच साफ करतो म्हणून सकर घ्यावा, तर तो हातभर वाढतो. राहिले निऑन. आपल्या चिऱ्याच्या विहिरीचं मऊ पाणी त्यांना मानवतं, झाडांना ते तोंड लावत नाहीत, मध्ये पोहतात. तळाशी कोरी ठेवावेत, मिशांनी वाळू हुंगत फिरणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे सगळं मला पाठ झालं आहे. घ्यायला काय हरकत होती? पण दुकानदारीण म्हणाली, "बाई, हे घोळक्यानंच घ्या. एकटा ठेवलात तर कोपऱ्यात जाऊन बसतो, खाईत नाही, आणि मरतो." झालं. मी पर्स बंद केली आणि बसस्टँडवर आले. मी माशांचा विचार करतच नाहीये, हे त्या बाईलाही कळलं असेल.

तुम्हाला बरं जमलं होतं निवडायला, असं म्हणायला जाते आणि मला तो नदीतला काळुंदर मासा आठवतो. खाणीवरच्या वर्कशॉपात तुम्ही फिटर. तिथेच उरलेल्या पट्ट्या जोडून चौकट केलीत, म्हापशाहून काचा कापून आणल्यात, पुटी भरलीत. वाहत्या व्हाळातलं शेवाळ आणून वाळूत लावलंत. मलेरियासाठी आरोग्यखात्याची माणसं विहिरीत गप्पी सोडून गेली होती, त्यातलेच ओंजळभर टाकीत आले. आई दारात उभी राहून बघते आहे. "नुस्तें रांदपाचें आसता, न्हाणोवपाचें न्हय," ती म्हणते, जशी तुम्ही मासळीला आंघोळच घालत होतात, आणि तुम्ही मान वर करत नाही. हिरव्या शेवाळातून ते बारके जीव फिरताना मी अभ्यास सोडून बघत बसायचे. तेवढं शांत तेव्हा दुसरं काही नव्हतं. ते राजभाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बस मध्येच थांबायची, आणि आपल्या एका छपराखाली तुम्ही मराठीचे आणि काका कोकणीचे. सुरुवातीला दोघे सोप्यावर बसून असे भांडायचात की रस्त्यावरचं माणूस थांबावं. आणि भांडायचात एकाच बोलीत, मग भांडण कशाचं ते मला तेव्हाही कळत नव्हतं. मग एका संध्याकाळी काहीतरी जास्त बोललं गेलं, आणि भांडण बंद झालं. त्याजागी आला तो सभ्यपणा. "जेवण जालें?" "जालें." "पावस येतलो दिसता." "येतलो." घरात पाहुणे राहायला आल्यासारखं वाटायला लागलं.

त्यातच काका एके दिवशी बालदीत जिवंत काळुंदर घेऊन आले. तळहाताएवढा, करडा, अंगावर मोत्यासारखे ठिपके. नदीवर गळाला लागलेला. म्हणाले, "हें घाल तुज्या कांचेंत. तुजें तें नुस्तें न्हय, जिरें." कित्येक दिवसांनी केलेली ती एवढीच थट्टा. तुम्ही हसलात आणि घातलात. आठवड्याभरात त्याने शेवाळ मुळापासून उपटून खाल्लं. गप्पी कमी व्हायला लागले, उरलेले पाण्याच्या वर कडेला थरथरत राहिले. तुम्ही दर रविवारी व्हाळावरून नवं शेवाळ आणत होता आणि तो दर बुधवारपर्यंत ते संपवत होता. आई म्हणाली, द्या परत. तुम्ही म्हणालात, "भावान दिल्लें. परत केलें जाल्यार तो म्हणटलो, भाशेखातीर केलें." नदीत सोडून या म्हणाली, तरी तेच. आणि पलीकडे काका रोज सोप्यावरून जाताना टाकीची ती दशा बघत होते, पण एकदा दिलेलं मागायचं कसं म्हणून "कशें आसा?" एवढं विचारून पुढे जात होते. दोन शहाणी माणसं, आणि एका माशापुढे दोघांचं काही चालेना. आपल्याकडेच हे होऊ शकतं.

मग आईने ते केलं. तुम्ही पाळीवरून आलात, हातपाय धुतलेत, टाकीकडे गेलात. टाकीत पाणी होतं आणि दोनचार गप्पी होते. स्वयंपाकघरातून वास येत होता. तुम्ही दारात उभे राहिलात, आईने तव्यावरची तुकडी उलटवली आणि तुमच्याकडे न बघता म्हणाली, "बसा. निवता." मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. तुम्ही पाटावर बसलात. पहिला घास घेतलात. मग अर्धा मासा ताटलीत काढून माझ्या हातात दिलात आणि काकांच्या बाजूला धाडलंत. काकांनी ताटलीकडे पाहिलं, रव्याखालचे ठिपके ओळखले असतील की नाही देव जाणे, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि हाक मारली ती थेट भिंतीवरून, "वैनी, तिखट चड घाललां गो!" आणि भिंतीच्या अलीकडून आईने, जिने महिनोन् महिने त्यांच्याशी एक शब्द वाकडा बोलला नव्हता, तिने उत्तर दिलं, "मागीर खावं नाका!" दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघे सोप्यावर पुन्हा भांडत होता. गोवा घटक राज्य झालं तेव्हाही भांडतच पेढे खाल्लेत.

मला इतके दिवस वाटत होतं की मी बिनभांडणाचे मासे शोधते आहे. आता लिहिताना भलतंच दिसायला लागलं आहे. आईला मी अशाच घरात बोलावते आहे जिथे तिला कुणी मोठ्याने ओरडणार नाही. आणि इथे तवा तापवून निकाल लावणारं कोण आहे? मी? मला निऑन घ्यायचे की नाहीत तेवढंही ठरवता येत नाही. तिला सांगावं का, की येऊ नकोस? मग पुन्हा न्हाणीत पडली तर? फोन वाजतोय.

झालं बोलणं. बराच वेळ झाला, मध्ये चहा केला, सासूबाईंना दिला, त्यांनी काही विचारलं नाही. आई येत नाही, बाबा. आधी तिने कोंबड्यांचं सांगितलं, काकूने पुन्हा काय केलं ते सांगितलं. मग म्हणाली, "म्हाका तुज्या घरांत जागा आसा गो, पूण काम ना." मी म्हटलं, अगं पण सासूबाईंना काही अडचण नाही, त्या चांगल्या आहेत. तर म्हणते, "बरी आसा म्हणूनच येना. वायट आसली जाल्यार येवन झगडलें आसतें." काकूने म्हणे मधल्या भिंतीत दार पाडून घ्यायचं ठरवलं आहे, न्हाणीजवळ, म्हणजे हाक ऐकू आली की लगेच येता येईल. दार कुठल्या बाजूने उघडायचं यावरून दोघींचं सकाळपासून वाजलं आहे. हे सांगताना तिचा आवाज असा होता, की मी किती दिवसांत ऐकला नव्हता.

मी म्हटलं, अगं पण. पुन्हा एकदा म्हटलं, अगं पण आई. नंतर म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, आणखी थोडा आग्रह करायला हवा होता, लेकी करतात तसा. ती वाट बघत होती, फोनवर मला तिचा श्वास ऐकू येत होता. माझे खांदे एकदम सैल पडले होते, महिनाभरात पहिल्यांदा, आणि मी गप्प होते. तिला ती शांतता वेगळी वाटली असावी. तिने हळूच विचारलं, "रडटा गो?"

मी हो म्हटलं. रडत नव्हते, बाबा.